नसलेल्या दिवसाची नक्कल

जुन्या मोबाइलमधले फोटो नव्या मोबाइलमध्ये घेतले की एखाद-दुसरा फोटो यादीच्या अगदी तळाशी जाऊन बसतो. फोटो असतो भाच्याच्या बारशाचा आणि खाली तारीख असते १ जानेवारी १९७०. वेळ पाहिली तर पहाटेचे साडेपाच. संगणकाशी संबंध असलेल्या माणसाला मग घरातलं कुणीतरी विचारतंच, "त्या दिवशी असं झालं होतं तरी काय?"

काहीच झालं नव्हतं. त्या फोटोची तारीख हरवली होती, आणि "हरवली" असं म्हणायची सोय नसलेल्या एका प्रोग्रामने तिथे शून्य लिहून टाकलं होतं. फोटोच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येतं. पण एका डेटाबेसमधली अशी तारीख दुसऱ्या डेटाबेसमध्ये उतरवायची वेळ आली की हेच शून्य रात्री-अपरात्री लोकांना झोपेतून उठवतं.

१. खुंटी

युनिक्स घराण्यातल्या संगणकांनी वेळ मोजण्यासाठी एक खुंटी ठोकली: १ जानेवारी १९७०, ग्रिनिचच्या वेळेची मध्यरात्र. त्या क्षणापासून किती सेकंद लोटले, एवढा आकडा ठेवला की झालं. आकडा शून्य असेल तर आपण खुंटीपाशीच आहोत. भारताचं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्या पडद्यावर ती मध्यरात्र पहाटे ५:३० ची होऊन येते.

या मोजणीला दुसरं टोकही आहे. आकड्याला ३२ बिटांचीच जागा दिली असेल तर २,१४,७४,८३,६४७ सेकंदांनंतर ती भरते. तो क्षण १९ जानेवारी २०३८, भारतात सकाळी ८:४४:०७. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला 'टाइमस्टॅम्प' नावाचा रकाना याच दोन टोकांमध्ये जगतो. त्याची सुरुवात मात्र खुंटीच्या एक सेकंद पुढे होते, कारण शून्य हा आकडा त्याने 'तारीखच नाही' या अर्थासाठी राखून ठेवला आहे.

२. तीन कप्पे की मण्यांची माळ

तारीख साठवायच्या मुख्य रीती दोन. पुढची सगळी भानगड या फरकातून निघते, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली रीत तीन कप्प्यांच्या डब्याची. एका कप्प्यात वर्ष, दुसऱ्यात महिना, तिसऱ्यात दिवस. मायएसक्यूएलचा साधा तारखेचा रकाना असा आहे. वर्षाला ५१२ ने गुणायचं, महिन्याला ३२ ने, आणि त्यात दिवस मिळवायचा. २८ फेब्रुवारी २०२३ चं गणित असं: २०२३ × ५१२ म्हणजे १०,३५,७७६, अधिक २ × ३२ म्हणजे ६४, अधिक २८. बेरीज १०,३५,८६८.

आता याच रीतीने ३० फेब्रुवारी लिहून पाहा. बेरीज येते १०,३५,८७०. आकडा ठणठणीत आहे, कप्प्यांत व्यवस्थित बसतो. असा दिवस कधी उजाडलाच नाही, हे डब्याला कळायचं काही कारण नाही. तिन्ही कप्पे रिकामे ठेवले तर बेरीज शून्य. तीच ती ००००-००-०० ही तारीख.

दुसरी रीत मण्यांच्या माळेची. पोस्टग्रेस हा डेटाबेस १ जानेवारी २००० पासून किती दिवस झाले, तेवढंच मोजतो. त्या माळेत २८ फेब्रुवारी २०२३ हा ८,४५९ वा मणी आणि १ मार्च हा ८,४६० वा. मध्ये मणी नाही. म्हणजे ३० फेब्रुवारी नियमाने नाकारली जाते असं नुसतं नव्हे, तिला ठेवायला तिथे जागाच नाही. ००००-००-०० ची तीच गत. महिना शून्य आणि दिवस शून्य, असला मणी माळेत ओवणार कुठे?

३. शून्य साल आलं कुठून?

मायएसक्यूएलचा स्वभाव सुरुवातीपासून समजुतीने घेण्याचा. चुकीची तारीख दिली तरी तो ओरडत नसे. ३० फेब्रुवारी लिहा, तो ००००-००-०० अशी नोंद करून पुढे जाई आणि एक सौम्य इशारा ठेवी. तो इशारा सहसा कुणी वाचत नसे. 'अवैध तारखा चालतील' अशी एक कळही त्यात आहे. ती दाबली की महिना १ ते १२ आणि दिवस १ ते ३१ मध्ये आहे ना, एवढंच पाहिलं जातं, आणि ३० फेब्रुवारी जशीच्या तशी आत बसते.

याला ढिसाळपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यामागे एक शहाणी सोयही होती. एखाद्याचं जन्मवर्ष तेवढं माहीत आहे, महिना-दिवस नाही, तर १९७२-००-०० असं लिहिता येई. आपल्याकडच्या वंशावळी किंवा ग्रामपंचायतीची जुनी दप्तरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही गरज चटकन पटेल. कप्प्यांच्या डब्यात अर्धी माहिती अर्धीच ठेवता येते. माळेत ते जमत नाही.

डेटाबेसमध्ये 'माहीत नाही' म्हणण्यासाठी खरं तर वेगळी खूण असते, तिला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे रकाना रिकामा. पण अनेक रकाने बनवतानाच 'इथे नल चालणार नाही' अशी अट घातलेली असते, आणि तिथे शून्य तारीख नलच्या जागी कामाला लागली. मायएसक्यूएलने तर अशा रकान्यांसाठी एक चमत्कारिक सवलत ठेवली आहे: 'ज्यांची तारीख नल आहे ते दाखव' असं विचारलं की तो शून्य तारखेचे लोक काढून देतो. म्हणजे ज्या रकान्यात नल असूच शकत नाही तिथेही नल सापडतो!

२०१५ साली ५.७ ही आवृत्ती आली आणि कडक शिस्त हाच नेहमीचा नियम झाला. नव्या शून्य तारखांना दार बंद झालं. जुन्या मात्र आत होत्या, तशाच राहिल्या.

४. रोजकीर्द आणि तिची नक्कल

आता रेप्लिकेशन. शब्द जडशीळ आहे, पण कल्पना आपल्या पेढ्यांमध्ये फार जुनी. मुख्य पेढीवर रोजकीर्द लिहिली जाते. दुसऱ्या गावच्या पेढीवरचा कारकून तिची एकेक ओळ वाचून आपली खतावणी जुळती ठेवतो. मुख्य पेढीला आग लागली तरी हिशेब शाबूत. डेटाबेसमध्येही मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल एका लॉगमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत लिहितो आणि नकलेचा सर्व्हर ती रोजकीर्द क्रमाने वाचत जातो. क्रम महत्त्वाचा. चौथी ओळ उतरवल्याशिवाय पाचवी घ्यायची नाही.

रोजकीर्द दोन प्रकारे लिहिता येते. एकात हुकूम लिहितात: 'सर्व खात्यांना महिन्याचं व्याज लावा.' दुसऱ्यात निकाल लिहितात: 'खाते १२ ची शिल्लक आता ४,५५० रुपये.' मायएसक्यूएलमध्ये दोन्ही चालतात, ५.७ च्या काळापासून निकाल लिहिण्याची पद्धत ही नेहमीची झाली.

दोन्ही टोकांना मायएसक्यूएलच असेल तर अवैध तारीख बहुधा बिनबोभाट पुढे जाते. हुकुमाच्या पद्धतीत हुकूम देताना शिस्त कडक होती की सैल, हेही रोजकीर्दीत लिहिलेलं असतं आणि नकलेचा सर्व्हर तेवढ्यापुरती तीच शिस्त पाळतो. निकालाच्या पद्धतीत तयार आकडा येतो आणि कप्प्यांत जाऊन बसतो. म्हणजे नक्कल अगदी बरहुकूम, दोषासकट.

दोष उघडा पडतो तो पुढे. जुन्या सैल सर्व्हरची नक्कल नव्या कडक सर्व्हरवर चाललेली असते आणि एके दिवशी नकलेलाच मुख्य गादीवर बसवतात. आता रोजच्या कामकाजाचा प्रोग्राम पूर्वीसारखी शून्य तारीख पाठवतो आणि सर्व्हर साफ नकार देतो. किंवा कुणी अशा तारखा असलेल्या तक्त्यात एक नवा रकाना घालायला जातो. त्यासाठी तक्ता नव्याने लिहावा लागला की सर्व्हर दहा वर्षांपूर्वीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणतो, ही तारीख चुकीची आहे. मायएसक्यूएलमध्ये या तक्रारीचा क्रमांक १२९२. तो पाहिलेली माणसं क्रमांकाने ओळखतात, जसा पोलीस नेहमीचा आरोपी ओळखतो.

५. एक ओळ अडली की

टोकं वेगळ्या घराण्यांतली असली, मायएसक्यूएलची रोजकीर्द आणि पोस्टग्रेसची खतावणी, तर मात्र लपवाछपवीला वाव नाही. एक काल्पनिक पतसंस्था घेऊ. तिच्या सभासदांच्या जन्मतारखा अशा:

सभासद १०१: १९६८-०४-१२
सभासद १०२: १९७२-००-००
सभासद १०३: ००००-००-००
सभासद १०४: १९८१-०२-३०

१०१ सुखरूप जातो. १०२ ला पोस्टग्रेस थांबवतो. आणि रांग क्रमाची असल्यामुळे त्याच्यामागचे व्यवहार, ज्यांचा तारखेशी काडीचा संबंध नाही तेही, खोळंबतात. एसटी घाटात बंद पडली की मागच्या दुधाच्या टँकरनेही थांबायचं, तसं.

अशा वेळी पहाटे तीनला उठवलेला माणूस बहुतेकदा एकच गोष्ट करतो: ती ओळ वगळतो. मायएसक्यूएलच्या घरात तर 'पुढची एक नोंद सोडून दे' म्हणायची अधिकृत सोय आहे. गाडी चालू होते, तो झोपतो. चार दिवसांनी सभासद १०२ आपला पत्ता बदलतो. रोजकीर्दीत ओळ येते, '१०२ चा पत्ता बदला', आणि नक्कल म्हणते, १०२ नावाचा कुणी नाहीच. पुन्हा थांबा. मायएसक्यूएलमध्ये या दुसऱ्या तक्रारीचा क्रमांक १०३२, आणि ती पहिल्या तक्रारीचं व्याज असते.

थांबून राहणंही फुकट नसतं. मायएसक्यूएल ८ रोजकीर्दीची पानं, वेगळं काही सांगितलं नसेल तर, ३० दिवस ठेवतो. नक्कल त्याहून जास्त दिवस अडून बसली तर तिला हवं असलेलं पान फाडून टाकलेलं असतं, आणि सगळी नक्कल पहिल्यापासून उतरवावी लागते.

६. प्रत्येक दुकानाचा उंबरठा

तारीख खरी असूनही दुसऱ्या घरात अवैध ठरू शकते, कारण प्रत्येक डेटाबेसचं आद्यवर्ष वेगळं. ओरॅकलची मजल इसवी सनापूर्वी ४७१२ पर्यंत. पोस्टग्रेस त्याच्याही एक वर्ष मागे जातो. मायएसक्यूएल इसवी सन १००० पासून पुढच्या तारखांची हमी देतो. आणि एसक्यूएल सर्व्हरचा जुना तारीख-वेळेचा रकाना सुरू होतो १ जानेवारी १७५३ ला.

१७५३ च का? ब्रिटिशांनी ज्युलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन धरलं ते सप्टेंबर १७५२ मध्ये. त्यांच्या मुलखात २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. ही अकरा दिवसांची कटकट नको म्हणून रकान्याने पुढच्या वर्षापासूनच दार उघडलं. परिणाम असा की शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्या रकान्यात शिरूच शकत नाही. पोस्टग्रेस ती आनंदाने घेतो, पण ती ग्रेगोरियन समजून. आपण सांगतो ती ६ जून ज्युलियन आहे आणि दोन्हींमध्ये तेव्हा दहा दिवसांचं अंतर होतं. डेटाबेसने नाकारलं नाही म्हणजे तारीख बरोबर उतरली, असं नव्हे. इतिहासाची दप्तरं संगणकावर चढवणाऱ्यांनी हे ध्यानात धरलेलं बरं.

७. न उजाडलेला तास

पंचांगात क्षय तिथी असते. एका सूर्योदयानंतर सुरू होते आणि पुढच्या सूर्योदयाआधी संपते, म्हणून तिला स्वतःचा दिवसच मिळत नाही. घड्याळातही असे क्षय तास असतात. अमेरिकेत दर मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात. १० मार्च २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे अडीच वाजलेच नाहीत. हे आपल्याकडे होत नाही असं वाटतं ना? दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं. जगभरचे संगणक टाइमझोनची जी सामायिक नोंदवही वापरतात, तिच्यात १ सप्टेंबर १९४२ ला, मध्यरात्र होताच, भारताचा काटा थेट एकवर जातो.

म्हणजे १ सप्टेंबर १९४२ ला जन्मलेल्या आजोबांची जन्मतारीख कुणी '००:०० वाजता' अशी वेळेसह साठवली असेल, तर काटेकोर प्रोग्राम म्हणणार, असा क्षण भारतात नव्हता. आणि नव्या नकलेकडे नेताना फक्त त्यांचीच ओळ अडणार.

याहून नेहमीचा घोळ साडेपाच तासांचा. भारतातली मध्यरात्र म्हणजे ग्रिनिचची आदल्या दिवशीची संध्याकाळ, ६:३०. जन्मतारीख वेळेसह ठेवली, नकलेच्या सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचचं असलं आणि तिकडे नुसती तारीख कापून घेतली, की सगळे सभासद एक दिवस आधी जन्माला येतात. कुठलीही तक्रार नाही, कुठला क्रमांक नाही. जन्मतारखेच्या रकान्यात वेळ ठेवायचीच कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही.

८. मग करायचं काय?

तयार साधनं आपापली उत्तरं घेऊन येतात. मायएसक्यूएलमधून पोस्टग्रेसमध्ये माल हलवणारा पीजीलोडर शून्य तारखेचा सरळ नल करतो. बदलांची रोजकीर्द वाचून पुढे पोचवणारा डेबेझियम रकान्यात नल चालत असेल तर नल देतो, आणि चालत नसेल तर खुंटीवरचा दिवस: १ जानेवारी १९७०. बारशाचा फोटो पुन्हा भेटला. जावा प्रोग्राम ज्या दुव्यातून मायएसक्यूएलशी बोलतात त्यात तीन पर्याय आहेत: तक्रार करा, नल द्या, किंवा जवळच्या वैध तारखेवर, म्हणजे १ जानेवारी ०००१ वर, नेऊन ठेवा.

माझं मत विचाराल तर यातला सगळ्यात घातक पर्याय वैध तारीख चिकटवण्याचा. का, ते महाराष्ट्रात समजावून सांगायला नको. आपल्याकडे एका ठरावीक पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नव्हती, शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजींनी वय बसेल असं साल धरून १ जून लावली. तारीख वैध, कागद पक्का, निवृत्ती त्याच हिशेबाने. ००००-००-०० ही तारीख कुणालाही पाहताक्षणी खोटी दिसते. १ जून दिसत नाही. तसंच १ जानेवारी १९७०: त्या दिवशी खरोखर जन्मलेला सभासदही असू शकतो, आणि एकदा मिसळल्यावर दोघांना वेगळं काढता येत नाही.

नल प्रामाणिक आहे, पण त्याचंही एक भान ठेवावं. चढत्या क्रमाने यादी लावली तर मायएसक्यूएल नलला सगळ्यांत वर ठेवतो, पोस्टग्रेस सगळ्यांत खाली. 'वयाने ज्येष्ठ पहिले पन्नास सभासद' अशी यादी दोन्हीकडे वेगळी निघेल, आणि दोष नकलेवर येईल.

आपल्या पतसंस्थेसाठी मी असं करीन. गाडी सुरू करण्याआधी मुख्य सर्व्हरवर मोजदाद: ज्यांचं वर्ष, महिना किंवा दिवस शून्य आहे असे किती आणि महिन्यात नसलेला दिवस असलेले किती. मग तक्त्याला शेजारी एक साधा मजकुराचा रकाना जोडायचा आणि त्यात मूळ तारीख अक्षरशः, जशी होती तशी उतरवायची. त्यानंतर जन्मतारखेच्या रकान्यावरची 'नल नको' ही अट काढून वाईट तारखांचा नल करायचा. ही दुरुस्ती मुख्य सर्व्हरवरच करायची, म्हणजे ती रोजकीर्दीतून सगळ्या नकलांपर्यंत आपोआप जाते. नकलेवर बसून परस्पर दुरुस्ती केली की दोन वह्या दोन गोष्टी सांगू लागतात. सगळ्यांत शेवटी कामकाजाच्या प्रोग्रामला शून्य पाठवायचं बंद करायला सांगायचं आणि सर्व्हरची शिस्त कडक करायची. हा क्रम उलटा केला तर सकाळी काउंटरवर रांग लागते.

मूळ मजकूर जपायचा तो का, हे यादीकडे पाहिलं की कळतं. १०३ मध्ये माहिती काहीच नव्हती. नलने काही गेलं नाही. १०४ मध्ये ३० च्या जागी २० असेल किंवा महिना मार्च असेल. मूळ अर्ज काढून पाहता येईल. पण १०२ मध्ये १९७२ हे साल होतं, आणि ते बहुधा खरं होतं. नुसता नल केला असता तर तेही गेलं असतं.

म्हणून शेवटचं काम संगणकाचं नाही. संस्थेतल्या कारकुनाने १०२ ला फोन लावायचा. पलीकडून काय उत्तर येईल, ते ऐकल्यासारखं वाटतं: "शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, साहेब. पण आई म्हणायची, बहात्तरच्या दुष्काळात, पोळ्याच्या आदल्या दिवशी झालास." कारकून शेजारच्या रकान्यात हे वाक्य लिहून ठेवतो. बहात्तरचं पंचांग मिळालं तर तारीख निघेल. तोवर जन्मतारखेच्या रकान्यात नल.